हो, उपलब्ध आहे

विहंग सरांनी आम्हाला वेळ वाचवायला शिकवलं. त्या वाचवलेल्या वेळात काय झालं ते सांगते. रागाने सांगते आहे, हे आधीच कबूल करते. शांतपणे सांगायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा जमला नाही.

माझं नाव हेमाली. अलिबागच्या आतल्या अंगाला, खंडाळे गावाच्या पुढे आमचं गाव. भात कापलं की त्याच रानात आम्ही पांढरा कांदा लावतो. हा कांदा गोड, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही, आणि तो आम्ही सुटा विकत नाही. पातीत पात गुंफून त्याची माळ विणतो. विणायचं काम बायकांचं. माझी सासू कृष्णाबाई विणते तशी घट्ट, सरळ माळ चार गावांत कुणी विणत नाही, हे मी सून असून सांगते आहे. नवरा धनेश टेम्पो चालवतो. मार्च ते मे रस्त्याच्या कडेला आमचा मांडव असतो आणि समुद्र बघून परतणारे मुंबईवाले गाडी थांबवून माळा घेऊन जातात. धंदा म्हणजे एवढाच.

मागच्या फेब्रुवारीत धनेशने माझं नाव एका शिबिरात घातलं. अलिबागला एका हॉलमध्ये, दोन दिवस. विषय होता, 'छोट्या व्यावसायिकांसाठी सोशल मीडिया आणि वेळेचं नियोजन'. आम्ही वीसेक जणी होतो. थळची सुकट विकणारी, दिवेआगरची होमस्टेवाली, लोणचीवाल्या तर पाच. विहंग सर तिशीचे, पायात पांढरेशुभ्र बूट. त्यांनी फळ्यावर मोठं घड्याळ काढलं, त्यातला एक तुकडा हिरवा रंगवला आणि म्हणाले, "चोवीस तासांतला फक्त एक तास मला द्या. बाकीचे तेवीस तुमचे. डील?" आम्ही सगळ्या हसत "डील" म्हणालो. वीस बायकांपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की हे तेवीस तास आमचे कधी होते. मलाही नाही वाटलं.

त्या एका तासाचा तक्ता त्यांनी छापून दिला होता. दहा मिनिटं फोटो, पंधरा मिनिटं रील, वीस मिनिटं मेसेजची उत्तरं, असा. अर्ध्या मिनिटाची रील करायला किती वेळ लागतो हे विहंग सरांना माहीत नसावं, किंवा त्यांच्या घरी भात दुसरं कुणीतरी शिजवत असावं. आधी उजेड बघायचा. मग मागचं प्लास्टिकचं पिंप हलवायचं. मग सासूबाईंना म्हणायचं, आई, तोच पेड पुन्हा एकदा घाला. त्या म्हणायच्या, "घातलेला पेड पुन्ना कशाला घालू? उसवायचा हाय का?" मग गाणं निवडायचं, आणि गाणं निवडता निवडता दुसऱ्यांच्या रील बघण्यात पाऊण तास जायचा. तो पाऊण तास कुठल्याच तक्त्यात नव्हता. दोनदा भात करपला, एकदा वाळत घातलेल्या कांद्यावर दव पडून गेलं. धनेश विचारायचा, "एकच तास ना गं?" आणि मी हो म्हणायचे, कारण डील मीच केली होती.

खोटं कशाला बोलू, माळा खपल्या. एप्रिलमध्ये मेसेज इतके यायला लागले की उत्तर द्यायला दोन दोन तास उशीर व्हायचा. पाच मिनिटांत उत्तर गेलं नाही तर गिऱ्हाईक पुढे जातं, असं सरांचं म्हणणं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर बसून माझ्या फोनमध्ये एक सोय करून दिली. पेजवर कुणीही काहीही विचारलं की आपोआप उत्तर जायचं: 'हो, उपलब्ध आहे. कधी घ्यायला येणार ते कळवा. नक्की देऊ. हेमाली.' समोरच्याने दिवस कळवला की त्याला घराचा नकाशा जायचा.

"ताई, आता तुम्ही झोपलात तरी हेमाली जागी," सर म्हणाले.

मला ते तेव्हा फार आवडलं. आणि एप्रिलमध्ये ते उत्तर खरंही होतं, मांडवात दोनशे माळा लटकत होत्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मांडव रिकामा झाला, दरवर्षीपेक्षा पंधरा दिवस आधी. मी खूश होते. ती सोय बंद करायची असते हे मला कुणी सांगितलं नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे विकायला काही नसतं. पण विहंग सरांच्या ग्रुपवर दर सोमवारी मेसेज यायचा, 'पेज झोपू देऊ नका.' धंदा झोपला तरी चालेल, पेज जागं पाहिजे. मी भाताच्या आवणीचे फोटो टाकले, ओल्या कुंपणावरच्या गोगलगाईचा टाकला, मांदेलीच्या कालवणाचा टाकला. सरांनी लिहिलं, 'ताई, ब्रँडपासून लांब जाताय. कांदा दिसू द्या.' सप्टेंबरात कांदा कुठून दाखवू? घरात कांदा होता तो फक्त बियाण्याचा.

हे मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळं यावरच आहे. कांद्याचा फेरा दोन वर्षांचा. बी पेरलं की पहिल्या वर्षी कांदा येतो. त्यातले निवडक कांदे पावसाळाभर टांगून ठेवायचे, दिवाळीनंतर पुन्हा जमिनीत लावायचे, मग त्याला फूल येतं आणि फुलात बी धरतं. ही निवड सासूबाई चाळीस वर्षं करताहेत. बारीक मानेचा, चपट्या बुडाचा, पावसाळ्यात न कुजणारा तेवढाच कांदा त्या ठेवतात. मूळ बी त्यांच्या सासूचं. गावात पांढरा कांदा घरोघरी आहे, पण असा ऑक्टोबरपर्यंत टिकणारा आमचाच. यंदा मार्चमध्ये ऐन फुलावर अवकाळी पाऊस आला आणि सगळं बी कुजून गेलं. डब्यात चमचाभरही उरलं नाही. म्हणजे आमच्या घरचं बी आता एकाच जागी जिवंत होतं, चुलीवरच्या वाशाला टांगलेल्या पाच माळांत. त्या गेल्या तर शेजारी त्यांचं बी देतील, आम्ही लावू, कांदाही येईल. तो शेजाऱ्यांचा असेल.

बियाण्याच्या माळेला सासूबाई लाल चिंधी बांधतात, जुन्या लुगड्याची. आमच्या आळीत ज्या माळेला लाल चिंधी असेल तिला कुणी हात लावत नाही, पोरंसोरंसुद्धा. ही माळ खायची नाही, द्यायची नाही, एवढाच त्या चिंधीचा अर्थ.

सोमवारच्या मेसेजला कंटाळून मी त्या माळांची रील केली. चुलीचा धूर, खिडकीतून आलेला उजेड, सासूबाईंचा हात एकेक कांदा चाचपून बघतोय. खाली लिहिलं, 'आईंच्या हातची माळ.' बियाण्याचं आहे हे लिहिलं नाही. का लिहायचं? आमच्याकडे ते बघितल्यावरच कळतं.

चार दिवसांत ऐंशी हजार लोकांनी ती रील पाहिली. 'लाल रिबनवाली किती गोड आहे.' 'ही फेस्टिव्ह एडिशन आहे का?' विहंग सरांनी टाळ्यांची सहा चित्रं टाकली आणि लिहिलं, 'युनिक पॅकेजिंग, ताई.' मी हसत हसत सासूबाईंना वाचून दाखवलं.

"चिंधी हाय ती," त्या म्हणाल्या आणि शेण काढायला गेल्या.

इतकंच. मी पण फोन ठेवला आणि कामाला लागले. कारण आता मी शहाणी झाले होते. दिवसभर फोनला चिकटून राहायचं नाही, संध्याकाळी सात ते आठ एवढाच वेळ त्याचा, बाकी वेळ आवाज बंद. ज्या मेसेजला उत्तर गेलेलं दिसे, तो उघडायचाही नाही. अगदी तक्त्याप्रमाणे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तो एक तास खरोखर एक तासावर आणला होता आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. भात कापायला आम्ही दोघं सकाळीच रानात गेलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या घरी. फोन जेवणाच्या पिशवीत, आवाज बंद करून. संध्याकाळी परत आलो, मी हातपाय धुऊन चूल पेटवायला गेले आणि वर बघितलं. वाशाला पाच सुतळ्या लोंबत होत्या.

"आई, माळा कुठं काढून ठेवल्यात?"

"नेल्या," सासूबाई म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या.

"कोणी नेल्या?"

"तुजं गिऱ्हाईक आलतं, गाडी घेऊन. किहीमला बंगला हाय तिचा. बाई चांगली होती, पानी पन प्याली."

मला क्षणभर वाटलं की त्या मस्करी करताहेत. त्या कधीच मस्करी करत नाहीत.

"आणि तुम्ही दिल्या? बियाण्याच्या?"

आता त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी न्हायच बोलले. बोलले, बियान्याचं हाय, इकायचं न्हाय. तवा तिनं तुजं लिवलेलं दाखवलं. डायवरनं वाचलं. हो, नक्की देऊ. खाली तुजं नाव. तुजं नाव मला वलखता येतं, तूच शिकवलंस."

"आई, मला फोन करायचा ना."

"केला. दोनदा केला. तू उचलला न्हाय."

मी पिशवीतून फोन काढला. दोन कॉल, पावणेबारा आणि बारा. त्यांच्या त्या जुन्या बटणांच्या फोनवरून, ज्यावर मला शोधायला त्यांना दहा मिनिटं लागतात.

"मंग म्हनलं, तुजा काय तरी इचार असंल," त्या म्हणाल्या. "तू शब्द दिलास, आनी मी त्या बाईला दारातून माघारी धाडू? घराचं नाव जातं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी चाळीस वर्षांची निवड हाताने सोडून दुसऱ्याच्या गाडीत ठेवली होती, माझा शब्द मोडू नये म्हणून, आणि तो शब्द मी दिलाच नव्हता. हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचेना. मी फोन उघडून ते बोलणं वाचलं. त्या बाईंचं नाव क्षिप्रा. त्यांनी विचारलं होतं, 'लाल रिबनवाल्या पाच मिळतील का?' हेमाली म्हणाली, हो, उपलब्ध आहे. 'नक्की ना? दिवाळीची भेट द्यायची आहे.' हेमाली म्हणाली, हो, उपलब्ध आहे. 'लाल रिबनच्याच हव्यात बरं का.' हो, उपलब्ध आहे. नक्की देऊ. मी वाचत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. इतकी गोड, इतकी तत्पर, इतकी निर्लज्ज बाई माझ्या नावाने घरात बसली होती आणि मी तिला सहा महिने पोसलं होतं.

क्षिप्राताईंनी रात्री फोन उचलला नाही. रविवारी सकाळी धनेशने टेम्पो काढला. वाटेत मी विहंग सरांना फोन लावला.

"अगं, रविवारचा दिवस, तो उचलनार हाय का?" धनेश म्हणाला.

उचलला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, टेक्निकली सिस्टिमने बरोबर काम केलंय. स्टॉक अपडेट करणं ही ओनरची जबाबदारी असते."

"सर, तुम्ही म्हणाला होतात की मी झोपले तरी हेमाली जागी. जागं असलेल्या माणसाला घरात काय आहे ते दिसतं."

"बरोबर आहे ताई, पण जरा वेगळा विचार करा. हरवलेलं बियाणं, सासू, सून. काय जबरदस्त स्टोरी आहे. आत्ता जाताय ना, तर शूट करत राहा. टेम्पोतून रस्ता घ्या, तुमचा चेहरा घ्या. मी एडिट करून देतो. हे उडणार."

"तुमच्या घरात कुणी गेलं तर तुम्ही आधी उजेड बघता का, सर?" मी म्हणाले आणि फोन ठेवला. धनेशने माझ्याकडे बघितलं. त्याच्यासमोर मी कुणाशी असं कधी बोलले नव्हते. मला अजून बोलायचं होतं, पण फोनमध्ये ऐकायला कुणी राहिलं नव्हतं.

किहीमचा बंगला नारळीच्या वाडीत, मागे समुद्र. क्षिप्राताई स्वतः दार उघडायला आल्या. चाळिशीच्या, साध्या सुती कपड्यांतल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. "तुम्ही हेमाली ना? पेजवर तुमचा फोटो पाहिलाय. या, चहा घ्या."

मला त्या वाईट निघायला हव्या होत्या. रस्ताभर मी त्यांच्यासाठी शब्द जमवत आले होते. मी उभ्यानेच सांगितलं की त्या माळा विकायच्या नव्हत्या, बियाण्याच्या होत्या, परत हव्यात, तुमचे पैसे हे आणलेत.

त्यांचा चेहरा पडला. "अहो, पण चार तर कालच गेल्या. रात्री जेवायला लोक होते, त्यांना भेट दिल्या."

त्यांनी माझ्यासमोर एकेकाला फोन लावला. ठाण्याच्या बाई म्हणाल्या, "अगं, आल्या आल्या सॅलड केलं आम्ही, उरलेले शेजाऱ्यांना वाटले. काय गोड कांदा आहे." दुसऱ्यांनी माळ गाडीत ठेवली होती आणि गाडी ड्रायव्हर घेऊन गेला होता. तिसऱ्यांनी उचलला नाही. चौथे म्हणाले की बाल्कनीत टांगली आहे, फार सुंदर दिसते, नक्की पाठवतो. आजपर्यंत त्यातली एकही माळ आलेली नाही.

"आणि पाचवी?" मी विचारलं.

पाचवी व्हरांड्यात होती, दाराच्या बाजूला, खिळ्याला. मला आधी ती ओळखूच आली नाही. ती चकाकत होती. प्रत्येक कांदा काचेचा असावा तसा.

"लाकडाला मारतात ते पॉलिश स्प्रे केलंय," क्षिप्राताई हळूच म्हणाल्या. "टिकावी म्हणून."

 मी एका कांद्यावरून बोट फिरवलं, ते निसटलं. धनेशने पुढे होऊन माळ खिळ्यावरून काढली, दोन्ही हातांवर आडवी घेतली.

"मला खरंच वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण हेमाली, मी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तुम्ही हो म्हणालात."

"मी नाही म्हणाले. फोन म्हणाला."

"नाव तुमचं होतं."

"आणि माझी सासू समोर उभी राहून नाही म्हणत होती, ते?"

 त्या खरं ते बोलल्या, यासाठी मी त्यांना मानते. "मला वाटलं त्यांना भाव वाढवून हवाय."

म्हणजे बघा. सत्तरीची बाई, आपल्या दारात उभी राहून, आपल्या हाताने वाढवलेल्या वस्तूबद्दल नाही म्हणते, तर ते भाव करणं ठरतं. आणि भात कापणाऱ्या सुनेच्या पिशवीत पडलेला फोन हो म्हणतो, तर ते वचन. मला क्षिप्राताईंचा राग आला, पण तो पुरा येईना. कारण माझ्या सासूनेही तेच केलं होतं. तिनेही स्वतःच्या नाहीपेक्षा त्या फोनच्या होला मोठं मानलं, माझं नाव खाली होतं म्हणून. त्या दोघींनाही मी फसवलं होतं, आणि तेही वेळ वाचवायला. पैसे मी चहाच्या टेबलावर ठेवले. चहा घेतला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी माळ मांडीवर घेतली आणि नाकाशी नेली. पॉलिशचा वास अजून येत होता. त्यांनी एक कांदा पातीवरून खुडला, उलटा करून बघितला, नखाने खरवडला.

"वरलं साल काढ," त्या म्हणाल्या. "साल मेलेलंच असतं. बुडाला लागलंय तेवढं हलक्या हातानं खरवड, मुळं फुटायची जागा हाय ती. खोल खरवडशील तर जाईल."

आम्ही दोघी ओटीवर बसून कांदे सोलत राहिलो. त्यात अख्खी दुपार गेली. सोलता सोलता मी त्यांना सांगितलं. ते उत्तर मी लिहिलं नव्हतं, एप्रिलमध्ये एकदा लिहून ठेवलेलं फोन आपला आपण सगळ्यांना देत होता, समोरचा काय विचारतोय ते न बघता. मी शेतात असताना, झोपलेली असताना, मंदिरात असताना. हे सांगताना मला रडू आलं. रडणं आलं ते लाजेने की रागाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांचा हात थांबला. "तुज्या नावानं?" त्यांनी विचारलं.

"हो आई. माझ्या नावानं."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा कांदा घेतला. 

माळेत बेचाळीस कांदे होते. चार सोलताना मऊ लागले, ते टाकले. अडतीस राहिले. दिवाळी झाल्यावर विहिरीजवळच्या तुकड्यात आम्ही ते लावले. बाकीच्या रानासाठी शेजाऱ्यांकडून बी आणलं, त्यांनी आनंदाने दिलं, एका शब्दाने विचारलं नाही की तुमचं कुठे गेलं. अख्ख्या गावाला माहीत होतं.

त्या रविवारीच मी फोनमधली ती सोय काढून टाकली. पेजवर लिहिलं, 'सध्या विकायला काही नाही. मार्चमध्ये मांडवावर या.' विहंग सरांनी ग्रुपवर माझं नाव न घेता लिहिलं की नकारात्मक पोस्टने रीच मरतो. मी ग्रुप सोडला. धनेश म्हणाला, पेजच बंद कर. ते मी केलं नाही, कारण त्या पेजने माळा विकल्या होत्या हे खरं आहे आणि मला खोट्याचा कंटाळा आला आहे. उत्तरं मी स्वतः देते, हात मोकळे असतील तेव्हा. कधी दोन दिवसांनी. गिऱ्हाईक पुढे जात असेल तर जाऊ दे.

कांदे लावून नवव्या दिवशी सकाळी मी एकटीच विहिरीवर गेले होते. त्याआधी आठ दिवस रोज जाऊन नुसती माती बघून येत होते. त्या दिवशी मातीतून हिरवी टोकं वर आली होती, टाचणीएवढी. मी गुडघ्यांवर बसून मोजली, पुन्हा मोजली. सतरा. अडतिसातले सतरा म्हणजे फार नाही, पण सतरा कांद्यांना फूल आलं तर एका वाफ्यापुरतं बी नक्की मिळतं, आणि एका वाफ्यापासून घरचं बी पुन्हा उभं राहतं. मी हात पुसले आणि घरी फोन लावला. सासूबाईंना बटण सापडेपर्यंत बराच वेळ वाजला.

"आई, वर आलेत. सतरा आहेत. दोनदा मोजले."

 मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"हेमाली," त्या म्हणाल्या, "हे तूच बोलतेस ना?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. पंधरा वर्षांत त्यांनी मला कधी टोमणा मारलेला नाही. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मीच आई," मी म्हणाले. "मीच बोलतेय."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी तिथेच बसून राहिले. अर्ध्या तासाने बांधावरून काठी टेकत, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्या स्वतः बघायला आल्या.